जोडली नाही, तरी बंदूक

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात रॉचेस्टर गावी थॉम्प्सन-सेंटर आर्म्स ही कंपनी ‘कंटेंडर’ नावाचे पिस्तूल बनवत असे. एका वेळी एकच काडतूस घेणारे, 10 इंची नळीचे हे पिस्तूल शिकाऱ्यांना आवडे ते त्याच्या एका सोयीमुळे. नळीखालचा लाकडी हातधरा सोडवला आणि बिजागरीची खीळ ठोकून बाहेर काढली, की नळी सुटून हातात येई. तिच्या जागी वेगळ्या काडतुसाची दुसरी नळी बसवता येई. मूठ आणि चाप तेच राहत. 1985 साली कंपनीने याच पिस्तुलासाठी एक संच काढला. त्यात 21 इंची नळी होती आणि खांद्याला टेकवायचा दस्ता होता. काही मिनिटांत पिस्तुलाची रायफल होई आणि तितक्याच वेळात पुन्हा पिस्तूल होई.

सरकारने हरकत घेतली, पण ती या रायफलीला नव्हती. पिस्तूल आणि संच शेजारी ठेवले तर टेबलावर आखूड नळी, लांब नळी, मूठ आणि दस्ता एवढे भाग दिसतात. आखूड नळी आणि मूठ यांचे पिस्तूल होते, ते कायदेशीर. लांब नळी आणि दस्ता यांची रायफल होते, तीही कायदेशीर. आखूड नळी तशीच ठेवून नुसता दस्ता चढवला, तर मात्र आखूड रायफल तयार होते. ती नोंदणीशिवाय जवळ बाळगणे हा 10 वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. नळी बदलण्याचे काम वाचत असल्याने ही बेकायदा जोडणी कायदेशीर जोडणीपेक्षाही लवकर होते. कंपनीला हे ठाऊक होते. म्हणून 16 इंचांपेक्षा कमी लांबीच्या नळीबरोबर हा दस्ता वापरायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे, असा इशारा तिने दस्त्यावरच कोरला होता.

जी बंदूक कोणी जोडलेलीच नाही, ती ‘बनवली’ असे कायद्याने म्हणावे का? सुट्या भागांच्या बंदुका बाळगणाऱ्या प्रत्येक माणसाने या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायला हवे. कायदा पाळण्याची मनापासून इच्छा असलेला माणूसही इथे चुकतो. बंदूक म्हणजे जी समोर जोडलेली दिसते ती, अशी त्याची समजूत असते. कायदा मात्र कपाटात काय काय आहे आणि त्यातून काय होऊ शकते हे पाहतो.

नळीच्या लांबीवर एवढा कटाक्ष का, हे समजायला 1934 सालात जावे लागते. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी अमेरिका हादरली होती. रूझवेल्ट सरकारने आणलेल्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याच्या मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. अंगावर लपवता येणारी हत्यारे नोंदणीखाली आणायची, हा विचार त्यामागे होता. मग रायफलीची नळी कापून कोणी पळवाट काढू नये म्हणून आखूड रायफली आणि आखूड शॉटगनही यादीत घातल्या. पुढे विरोध झाला आणि पिस्तुले वगळली गेली. पळवाट बुजवण्यासाठी घातलेले कलम मात्र तसेच राहिले. त्यामुळे आज तिथे 10 इंची नळीचे पिस्तूल साध्या विक्रीतून मिळते आणि त्याच नळीला दस्ता लागला की ती वस्तू मशीनगनच्या पंगतीला बसते. ही रचना विसंगत आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण कायदा विसंगत वाटला म्हणून शिक्षा चुकत नाही. आज रायफलीच्या नळीची किमान लांबी 16 इंच आहे (1960 पर्यंत ती 18 होती), शॉटगनच्या नळीची 18 इंच आणि दोन्हींची एकूण लांबी किमान 26 इंच असावी लागते.

त्याच कायद्याने अशा हत्यारांच्या हस्तांतरावर 200 डॉलर कर बसवला, आणि पुढे ती बनवण्यावरही तो लागू झाला. 1934 च्या सुमारास जवळपास तेवढ्याच पैशांत टॉमी गन ही मशीनगन येई. थॉम्प्सन-सेंटरने हा कर एका नगापुरता भरला, परतावा मागितला आणि तो नाकारला गेल्यावर दावा लावला. खालच्या न्यायालयात ती हरली, अपिलात जिंकली. जून 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाच विरुद्ध चार मतांनी निकाल तिच्या बाजूने दिला.

न्यायमूर्ती सूटर यांनी लिहिलेल्या मुख्य निकालाचा धागा नीट पाहण्याजोगा आहे. कंपनीने फक्त सुटे भाग विकले आहेत, सबब प्रश्नच मिटला, असे त्यांनी म्हटले नाही. एखाद्या पेटीतल्या भागांचा बेकायदा बंदूक जोडण्याखेरीज दुसरा काहीच उपयोग नसेल, तर ती न जोडताही बंदूक बनवल्यासारखेच आहे, हे त्यांनी मान्य केले. कंटेंडरच्या संचात मात्र प्रत्येक भागाला कायदेशीर जागा होती. आखूड नळी पिस्तुलासाठी होती आणि दस्ता लांब नळीसाठी. कायद्याचे शब्द इथे संदिग्ध होते. फौजदारी शिक्षा असलेल्या कायद्यात संदिग्धता राहिली तर तिचा फायदा नागरिकाला द्यायचा, या जुन्या तत्त्वावर निकाल लागला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी वेगळ्या मतात दस्त्यावर कोरलेल्या इशाऱ्याची आवर्जून दखल घेतली.

हा निकाल वाचून अनेकांना वाटले की आता सुटे भाग घरात कसेही ठेवावेत, काही होत नाही. 1999 साली अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो समज मोडला. एका माणसाच्या घरात लांब नळीची, पूर्ण कायदेशीर एआर-15 रायफल सापडली. त्याच घरात तशाच रायफलीचा, आखूड नळी बसवलेला वरचा जादा अर्धा भागही सापडला. दोन्ही जोडलेले नव्हते. पण तो आखूड अर्धा ज्याच्यावर बसेल अशी एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे ही रायफल. आणि तिच्यावर तो चढला असता तर आखूड रायफलच झाली असती. न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. थॉम्प्सन-सेंटरच्या कपाटात प्रत्येक भागाला कायदेशीर जोडीदार होता, इथे एका भागाला नव्हता. दोन निकालांमधला फरक एवढाच आहे, आणि घरी बंदूक असलेल्याने करायची तपासणीही एवढीच आहे. प्रत्येक आखूड नळीपुढे, प्रत्येक दस्त्यापुढे थांबून विचारायचे, की याची कायदेशीर जोडणी माझ्याजवळच्या कशाशी होते? उत्तर नसेल तर तो भाग घरात येऊ द्यायचा नाही.

खरे तर सुटे भाग एकमेकांत बिनचूक बसणे ही कल्पनाच बंदुकीच्या कारखान्यांत वाढली. 1785 साली पॅरिसजवळ ओनोरे ब्लां नावाच्या कारागिराने बंदुकीच्या खटक्यांचे भाग वेगवेगळ्या खणांत ठेवले होते. अमेरिकेचा राजदूत म्हणून फ्रान्समध्ये असलेल्या थॉमस जेफरसनने हाताला येतील ते भाग उचलून स्वतः खटके जोडले. ते नीट बसले, तेव्हा हरखून जाऊन त्याने मायदेशी पत्र लिहिले. पुढे 1820 च्या दशकात हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात जॉन हॉलने हे काम यंत्रांवर प्रत्यक्षात आणले. त्याआधी बंदूक म्हणजे एका लोहाराने घासून घासून जमवलेली एकसंध वस्तू असे. भाग बदलते झाले आणि त्यातल्या कोणत्या भागाला बंदूक म्हणायचे, हा प्रश्न कायद्यापुढे उभा राहिला.

अमेरिकेने 1968 च्या कायद्यात त्याचे उत्तर दिले ते ‘रिसीव्हर’, म्हणजे नळी, चाप आणि घोडा ज्या सांगाड्यात बसतात तो. अनुक्रमांक त्याच्यावर कोरायचा, दुकानात पडताळणी त्याचीच. बाकी नळी, दस्ता, चाप हे संघराज्याच्या कायद्यापुरते साधे सामान, टपालाने घरपोच येणारे. एआर-15 चे दोन अर्धे दोन खिळींनी जोडलेले असतात. त्यातला फक्त खालचा अर्धा कायद्याने बंदूक आहे. नळी ज्याला असते तो वरचा अर्धा नुसता भाग, म्हणूनच तो सहज विकत येतो आणि म्हणूनच 1999 च्या खटल्यासारखी गफलत घडते. अर्धवट तयार सांगाड्यांचे संच घरी पुरे करून बिनक्रमांकाच्या बंदुका बनू लागल्या, तेव्हा 2022 मध्ये सरकारने असे संचही बंदूक धरले. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. न्यायमूर्ती गोरसच यांनी त्यासाठी रोजच्या बोलण्याचा दाखला दिला: आयकियातून आणलेले टेबल अजून खोक्यात असले, तरी माणूस ‘टेबल आणले’ असेच म्हणतो.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ, कारण चूक घडते ती तिथेच. एटीएफ या केंद्रीय यंत्रणेने 2011 मध्ये एक निर्णय जाहीर केला. मुळात पिस्तूल म्हणून तयार झालेली बंदूक रायफल करून पुन्हा पिस्तूल करता येते. मुळात रायफल म्हणून तयार झालेल्या बंदुकीचे मात्र आखूड नळीचे पिस्तूल करता येत नाही. तसे केले तर ते ‘रायफलीपासून बनवलेले हत्यार’ ठरते आणि 1934 च्या कायद्याखाली येते. समोर ठेवलेल्या दोन वस्तू तंतोतंत सारख्या असतील, पण एकीचा जन्म पिस्तूल म्हणून झाला आणि दुसरीचा रायफल म्हणून, एवढ्यावर एक कायदेशीर आणि दुसरी गुन्हा. म्हणून विकत घेतानाच्या कागदावर काय लिहिले आहे ते पाहावे, पावती जपावी आणि नुसता सांगाडा घेतला असेल तर पहिली जोडणी पिस्तूल म्हणून केल्याचा तारखेसह फोटो ठेवावा. हा फोटो कोणी सक्तीने मागत नाही, पण वाद निघालाच तर तोंडी सांगण्यापेक्षा त्याला वजन असते.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. पिस्तुलाची रायफल करताना आधी लांब नळी बसवायची, मग दस्ता. परत पिस्तूल करताना आधी दस्ता उतरवायचा, मूठ लावायची आणि त्यानंतरच आखूड नळी. थोडक्यात, दस्ता चढतो शेवटी आणि उतरतो सगळ्यात आधी. उलट केले तर मधली दोन मिनिटे का होईना, तुमच्या टेबलावर बिननोंदणीची आखूड रायफल पडलेली असते, आणि इतक्या मिनिटांपर्यंत चालेल अशी सूट कायद्यात कुठे नाही.

नळी मोजण्याचीही रीत ठरलेली आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, नळीची मागची बाजू बंद करणारा बोल्ट बंद करायचा आणि तोंडाकडून एक सरळ काठी आत सरकवायची. ती बोल्टला टेकली की नळीच्या तोंडाशी खूण करून काठी बाहेर काढायची आणि मोजायची. बाहेरून दिसणाऱ्या नळीवर पट्टी ठेवणे ही मोजणी नव्हे. नळीच्या टोकाला स्क्रूने लावलेले जोड धरले जात नाहीत; कायमचे पक्के केलेले असतील तरच धरतात. साडेपंधरा इंची नळीला दोन इंचांचे टोपण फिरवून लावले आणि मनाचे समाधान केले, तर ते न्यायालयात टिकत नाही.

आखूड रायफल हवीच असेल, तर सरळ मार्ग आहे. आधी अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, मंजुरी हातात येईपर्यंत थांबायचे आणि मग जोडायची. 1 जानेवारी 2026 पासून आखूड रायफली, आखूड शॉटगन आणि सायलेन्सर यांच्यावरचा 200 डॉलरचा कर शून्य झाला आहे. यावरून नोंदणीही गेली असा समज पसरला तर तो अनेकांना महागात पडेल. गेला तो फक्त कर. अर्ज, मंजुरी आणि 10 वर्षांची शिक्षा जागच्या जागी आहेत. नोंदवलेली आखूड रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची तर निघण्यापूर्वी लेखी परवानगीही लागते. मशीनगनच्या बाबतीत तर नागरिकांसाठी नवी नोंदणीच मे 1986 पासून बंद आहे. परदेशी बनावटीच्या अर्धस्वयंचलित रायफली जोडणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे: ठरवून दिलेल्या 20 भागांच्या यादीतले 10 पेक्षा जास्त भाग आयात केलेले असता कामा नयेत. तिथे खरोखर एकेक भाग मोजत बसावे लागते.

हे सगळे संघराज्याचे. त्यावर प्रत्येक राज्याचा आपला थर असतो. न्यू जर्सीत सायलेन्सर नागरिकाला ठेवताच येत नाही आणि 10 पेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन चालत नाही. टेक्सासमधून न्यू जर्सीत बदली झालेल्या माणसाचे कालपर्यंत निर्दोष असलेले सामान नव्या घरी पोचताच गुन्हा होते. बांधाबांध करण्यापूर्वी, पोचल्यावर नव्हे, नव्या राज्याचा कायदा वाचायचा.

आपल्या माणसांसाठी इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे ताब्यात ठेवायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ग्रीन कार्डधारकाला ती बंदी नाही. बंदीला काही अपवाद आहेत. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमी उपयोगी पडणारा. ‘ताबा’ म्हणजे मालकी नव्हे. मित्रांबरोबर गंमत म्हणून रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणे हाही ताबा आहे. नवरा नागरिक असेल, बायको एच-1बी वर असेल आणि नवऱ्याच्या तिजोरीची किल्ली तिच्याही जुडग्यात असेल, तर तिथेही ताब्याचा प्रश्न निघू शकतो. किल्ली एकाकडेच ठेवावी. अशा गुन्ह्यात शिक्षा झाली तर तुरुंगाबरोबर देश सोडण्याची वेळही येते, आणि आयुष्याची घडी विस्कटते ती एका शनिवारच्या फेरफटक्यापायी.

भारतात प्रश्न तोच, पण उत्तर जवळजवळ उलट टोकाचे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने एकच भाग निवडून त्याला बंदूक ठरवले नाही. अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग घातले, आवाज किंवा झोत कमी करणारी साधने घातली आणि बनवण्याची यंत्रेसुद्धा घातली. अमेरिकेत टपालाने येणारी नळी इथे स्वतःच अग्निशस्त्र आहे आणि तिला परवाना लागतो. तिकडून सुटीवर येताना रायफलीचा एखादा भाग बॅगेत टाकून आणणे म्हणजे विनापरवाना शस्त्र आयात करणे.

मात्र याच अधिनियमाच्या कलम 45 मध्ये एक शहाणी सूट आहे. शस्त्राचा किरकोळ भाग जवळ असेल आणि तो त्याच माणसाकडच्या किंवा दुसऱ्या कोणाकडच्या पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसेल, तर अधिनियम लागू होत नाही. भागाला जोडीदार आहे का आणि जोडण्याचा हेतू आहे का, हे दोन्ही प्रश्न इथे आमच्या संसदेने 1959 सालीच लिहून ठेवले होते, थॉम्प्सन-सेंटरच्या निकालाच्या 33 वर्षे आधी. विमानतळावर सामानात एखादे विसरलेले काडतूस सापडल्याच्या प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने ही सूट आणि जाणीवपूर्वक ताब्याचे तत्त्व वापरून अनेकांवरचे गुन्हे रद्द केले आहेत. पण रद्द होईपर्यंत विमान चुकते, अटक होते, वकील शोधावा लागतो. बॅग भरण्यापूर्वी तिचे सगळे कप्पे उलटे करून पाहणे सोपे.

नळीच्या लांबीचे भान आपल्या कायद्यालाही आहे. कलम 6 प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका प्रवर्गातले शस्त्र दुसऱ्या प्रवर्गात बदलणेही त्यात आले. स्वसंरक्षण किंवा खेळासाठी जी गुळगुळीत नळीची बंदूक मागता येते, तिची नळी किमान 20 इंची असावी असे कलम 13 सांगते. त्याच कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे, जिच्या परवान्यांवर कोकणातला शेतकरी रानडुकरांपासून भात राखतो. अशा बंदुकीची नळी गंजली म्हणून गावातल्या लोहाराकडून चार इंच कापून घेणे, किंवा ठासणीच्या बंदुकीला काडतुसाची नळी बसवून घेणे, ही दुरुस्ती नसून गुन्हा आहे, मग बंदुकीचा परवाना कितीही जुना असो. दुरुस्ती परवानाधारक बंदूक-दुरुस्तकाकडेच करावी आणि त्याची पावती परवान्याबरोबर ठेवावी.

2019 च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची कमाल मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत पाच वर्षांची केली आणि विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे केली. या बदलाची झळ अनेकदा पोचते ती वारसांना. आजोबांची बारा बोअरची दुनळी, जुन्या इंग्रजी पद्धतीच्या पेटीत दोन नळ्यांच्या जोड्यांसह आलेली. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावावरच राहिला, आणि घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत ती पेटी निघते. बंदूक आधीच पोलीस ठाण्यात जमा केलेली असते, पण दुसऱ्या नळ्यांची जोडी आणि काडतुसांचा डबा कोणाच्या लक्षातच आलेला नसतो. कलम 45 ची सूट इथे धरून चालू नये. नळी हा किरकोळ भाग म्हणून सुटेल याची खात्री नाही, आणि तिचा पूरक भाग ठाण्याच्या मालखान्यात नोंदीसह पडलेला आहे. कलम 21 प्रमाणे असे सामान विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि वारसाला पुढे आपल्या नावाने परवाना मागता येतो. आधी ठाण्यात फोन करून सापडल्याचे कळवावे. मग बंदूक जमा केल्याची जुनी पावती, आजोबांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन जावे. नव्या पावतीवर नळ्यांचा बोअर, त्यांच्यावर कोरलेला क्रमांक आणि काडतुसांची संख्या वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यावी, खाली ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि तिची एक प्रत परवान्याच्या अर्जाला जोडावी.